क्योटोला विमानतळ नाही, मग मुंबईहून आई-वडिलांना घेऊन कसं जावं? जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास, घ्यावा का?

ओसाकाच्या कानसाई विमानतळावर उतरा. टोकियोला नको. एवढं ठासून सांगतोय, कारण आमच्याकडे याच विषयावरून भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

आमचे साडू २०१९ला जपानला जाऊन आले. तेव्हापासून ते घरातले जपानतज्ज्ञ. आम्ही तिकिटं काढायला बसलो तर फोनवर एकच पालुपद: "टोकियोला उतरा, सात दिवसांचा पास घ्या, बुलेट ट्रेनने क्योटो गाठा, पैसा वसूल!" म्हटलं, अहो, सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे आहेत, भाजणी-मेतकुटाने फुगलेल्या दोन अवजड बॅगा आहेत. टोकियोच्या नारिता विमानतळावरून आधी टोकियोच्या गर्दीत शिरायचं, बॅगा ओढत गाडी बदलायची, वर सव्वादोन तास शिनकानसेन, म्हणजे तीच बुलेट ट्रेन. कशाला हा द्राविडी प्राणायाम? त्यातून लांबी-रुंदी-उंची मिळून बॅग १६० सेंमीच्या वर गेली, तर त्या शिनकानसेनमध्ये बॅगेसाठी जागा असलेली ठरावीक सीटच आधी आरक्षित करावी लागते. हा नियम २०२०चा, त्यामुळे साडूंना माहीत नसणं समजू शकतो. पण ऐकून घ्यायला काय जातं?

आम्ही हाँगकाँगला विमान बदलून कानसाईला गेलो. टर्मिनल १च्या समोरच स्टेशन आहे. पूल ओलांडला की दोन फाटकं शेजारी-शेजारी, निळं जेआरचं आणि लाल नानकाई या खासगी रेल्वे कंपनीचं. लाल फाटकातली गाडी ओसाकातल्या नाम्बाला नेते. तुम्ही निळ्यातून हारुका धरायची, ही क्योटोला थेट जाणारी गाडी. विमानतळ समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर आहे, त्यामुळे सुरुवातीलाच लांबलचक पूल लागतो. सासूबाईंनी तेवढा समुद्र पाहिला आणि ज्या झोपल्या त्या थेट क्योटोलाच उठल्या. जेमतेम सव्वा तास, गाडी बदलणं नाही.

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर साडूंचं उत्तर, "फुजी हुकला ना?" अजिबात नाही! परतीचं विमान टोकियोहूनच घेतलं होतं. क्योटोहून टोकियोला शिनकानसेनने जाताना डाव्या बाजूची ई सीट मागून घ्या, फुजी खिडकीत येतो. ढग नसले तर.

पासचं म्हणाल, तर ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,०००वर गेला. टोकियो-क्योटो एका वेळचं तिकीट साधारण १४,००० येन. करा हिशेब. आणि पास असला तरी सगळ्यांत वेगवान नोझोमी गाडीला वेगळे पैसे पडतातच.

अर्थात, टोकियोचं विमान फारच स्वस्त मिळालं आणि तेही हानेदा या टोकियोच्या दुसऱ्या विमानतळाचं असलं, तर एवढा त्रास नाही. तिथून शिनागावा स्टेशन जवळ आहे आणि शिनकानसेन तिथे थांबते. आणि कानसाईला रात्री उशिरा उतरणार असाल तर हारुका मिळणार नाही, मुक्काम ओसाकातच करा.

साडूंनी आता नवीन काढलंय, म्हणे हिरोशिमा केलं की पास वसूल होतो. टोकियो-हिरोशिमा जाऊन-येऊनही चाळीस हजारांच्या आत बसतं. हे त्यांना कुणीतरी सांगा, माझा फोन ते हल्ली उचलत नाहीत.