वॉरलॉकला आणखी स्लॉट देण्याआधी

प्रिय मित्रा,

तू चालवतोस त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळात पाचव्या लेव्हलचा विझार्ड (वहीतून मंत्र शिकणारा जादूगार) प्रत्येक सेशन खाऊन टाकतो आणि वॉरलॉक (करारातून जादू मिळवलेलं पात्र) खेळणारी मुलगी दोन राउंडनंतर नुसती एल्ड्रिच ब्लास्ट हा फुकटचा साधा मंत्र मारत बसते, म्हणून तिला दोन स्लॉट (मोठे मंत्र टाकायच्या खेपा) वाढवून द्यायचं तुझ्या मनात आहे. इतक्यात देऊ नकोस. आधी सांग, तुझ्या टेबलावर दोन लाँग रेस्टच्या (सगळ्यांचे स्लॉट भरणाऱ्या आठ तासांच्या विश्रांतीच्या) मध्ये लढाया किती होतात? तू पाठवलेल्या नोंदींवरून तरी एकच दिसते.

तुम्ही २०१४ चे नियम वापरता, तर त्यातलंच गणित बघ. विझार्डकडे ९ स्लॉट, त्यांतले तिसऱ्या पातळीचे २ (पातळी मंत्राची, लेव्हल पात्राची). वॉरलॉककडे एकूण २च, पण दोन्ही तिसऱ्या पातळीचे आणि तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतर परत भरणारे. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या, तर तिची फीन्डवाली (सैतानाशी करार केलेली) वॉरलॉक तिसऱ्या पातळीचे ६ फायरबॉल टाकते. विझार्ड आर्केन रिकव्हरी (शॉर्ट रेस्टनंतर थोडे स्लॉट परत मिळवायची सोय) धरून ३. खेळ चालवणाऱ्यासाठीचं त्या वेळचं नियमपुस्तक, डंजन मास्टर्स गाइड, दिवसाला ६ ते ८ मध्यम किंवा कठीण लढाया पार्टीला (पात्रांच्या टोळीला) झेपतील असं धरतं. तू एकाच लढाईनंतर सगळ्यांना झोपवतोस, तर विझार्डने हात आखडता का घ्यावा?

आठ लढाया घे असं मी म्हणत नाही, त्यात तीन सेशन जातील. पाठलाग, सापळा, पुरातली नदी, ज्यात मंत्र खर्च होतो ते सगळं चालतं. सूर्यास्ताला कुणाचा बळी दिला जाणार असेल, तर पार्टीला आठ तास झोपायला सवड नसते, पण तासभर दम खायला असते. ही सवड ठेवणं तुझ्या हातात आहे. शॉर्ट रेस्टवर दरवेळी हल्ला मात्र करू नकोस, त्यात वॉरलॉकचाच तोटा होतो.

सॉर्सररची (जादू वंशातूनच मिळालेल्या पात्राची) विझार्डपुढे फिकं पडल्याची तक्रार वेगळी आणि रास्त आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला विझार्डपेक्षा जास्त स्लॉट होते, आणि कुठल्या स्लॉटमध्ये कुठला मंत्र हे विझार्डला सकाळीच ठरवावं लागे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विझार्डचं ते बंधन गेलं आणि स्लॉट दोघांचे सारखे झाले. सॉर्सररकडे मेटामॅजिक (टाकताना मंत्र बदलायची हातोटी) उरलं, पण पाचव्या लेव्हलला मंत्र फक्त ६, विझार्डच्या वहीत निदान १४. २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या नियमपुस्तकात सॉर्सररच्या दोन सबक्लासना (उपप्रकारांना) जादा मंत्र दिले गेले. तुझ्या सॉर्सररलाही त्याच्या वंशाला शोभतील असे, पाचव्या पातळीपर्यंत दर पातळीला दोन दे. मी हे बिनधास्त देतो.

विझार्डचं काही काढून घेऊ नकोस. चालू कॅम्पेनमध्ये हातातलं काढून घेतलेलं खेळाडू विसरत नाही. त्याच्या वहीत नवे मंत्र किती वेगाने येतात, तेवढं बघ. तिसऱ्या पातळीचा एक मंत्र उतरवायला ६ तास आणि १५० सुवर्णनाणी लागतात. तो ती मोजतोय का, एकदा विचार.

तुझा,
दादा