जुन्या अमेरिकन दाव्यांचे कागद वाचताना

आधी दाव्याचा प्रकार ओळखा, हकिकत नंतर. 1848 साली न्यूयॉर्कने फील्ड संहिता, म्हणजे दिवाणी कामकाजाचा नवा कायदा, आणून दाव्यांचे जुने साचे मोडीत काढले. त्याआधी वादीला ठरलेल्या साच्यातच बोलावं लागे. साचा चुकला की खरी तक्रारही बुडे.

नवखे हमखास फसतात ते पैशांच्या दाव्यात. मोहोर लावलेल्या रोख्यावर सहसा ‘डेट’ नावाचा दावा, तोंडी किंवा साध्या वचनावर ‘असम्प्सिट’. ‘डेट’मध्ये मागितलेला आकडा म्हणजे खरं कर्ज असं धरू नका. रोख्यात, कर्ज न फेडल्यास द्यायच्या दंडाची रक्कम बहुधा मुद्दलाच्या दुप्पट घालत. दावा 200 पौंडांचा असेल तर रोख्याखालची अट वाचा, खरं देणं 100 निघण्याचा संभव जास्त.

‘ट्रोव्हर’मध्ये वस्तू हरवली आणि प्रतिवादीला सापडली, असं लिहिलेलं असतं. ते शब्दशः घेऊ नका. भांडण वस्तू बळकावल्याचं असतं. ‘ट्रेसपास’, म्हणजे थेट आगळिकीच्या दाव्यातली ‘शस्त्रांनिशी बळजबरी’ही तशीच, शेजाऱ्याची गाय शेतात शिरली तरी लिहीत!

‘इजेक्टमेंट’, म्हणजे जमिनीच्या ताब्याच्या दाव्यातले जॉन डो आणि रिचर्ड रो कृपा करून कुणाच्या वंशावळीत घुसडू नका. ती कल्पित नावं. ‘अमक्याच्या भाडेपट्ट्यावरून डो’ असं दिसलं, तर जमिनीवर खरा हक्क सांगणारा तो अमका.

प्रतिवादीने ‘नॉट गिल्टी’ म्हटलं म्हणून खटला फौजदारी ठरत नाही. ‘ट्रेसपास’ आणि ‘ट्रोव्हर’मध्ये सरसकट नकाराचे शब्दच ते. ‘डिमरर’ हा आक्षेप मात्र वेगळा: हकिकत तात्पुरती खरी धरली तरी कायद्याने दावा उभा राहत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.