गॉथिक अक्षर पोस्टरवर वापरू का?

प्रश्न : ताई, भावाच्या मेटल बँडचं पोस्टर करतोय. जाड, टोकदार गॉथिक फॉन्ट घेतला, नाव, तारीख, ठिकाण, तिकीट सगळं त्यातच आणि सगळं कॅपिटलमध्ये, तर घरात कुणालाच धड वाचता येईना. वर काका म्हणतात हे हिटलरचं अक्षर, हात लावू नकोस. काय करू? देवनागरीत असं जमेल का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : अरे फॉन्ट राहू दे, आधी कॅपिटल काढ. या अक्षरातली कॅपिटलं शब्दाच्या सुरुवातीला एकटी मिरवायला केलेली असतात, शेजारी शेजारी बसवली की नुसतं काटेरी कुंपण होतं. स्मॉलमध्ये पण जपूनच हं, 'मिनिमम' हा शब्द रोमनमध्ये लिहून बघ, सारख्या 15 उभ्या काड्या दिसतील, आयवरचा टिंब आला तोच मुळी या गोंधळातून. म्हणून बँडचं नाव तेवढं यात ठेव, भलंमोठं, अक्षरं अजिबात न फाकवता, कारण काडी जेवढी जाड जवळपास तेवढीच मधली पांढरी फट, त्यावरच तर ते सगळं उभं आहे. तारीख-तिकीट साध्या फॉन्टमध्ये.

आता काकांचं. गुटेनबर्गनं 1455 च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झला बायबल छापलं ते याच घराण्यातल्या टेक्स्चुरा नावाच्या अक्षरात, नावच विणकामावरून पडलंय, पान खरंच विणलेल्या कापडासारखं दिसतं. म्हणजे हिटलरच्या जवळपास 500 वर्षं आधी. आणि नाझींनीच 3 जानेवारी 1941 च्या आदेशानं ही अक्षरं बंद केली, ज्यूंची अक्षरं असा धादांत खोटा ठपका ठेवून! पण काका अगदीच चुकीचे नाहीत. 1933 च्या आसपास जर्मनीत याच अक्षराची वळणं छाटून ताठ, ठोकळेबाज फॉन्ट निघाले, टॅनेनबर्ग वगैरे, बर्लिनच्या एस-बान या लोकल रेल्वेच्या जमिनीखालच्या काही स्टेशनांवर ते अजून दिसतं. तो काळ त्या फॉन्टना चिकटलाय, ते मी पोस्टरवर कधीच घेणार नाही. तू टेक्स्चुरा घे, न्यूयॉर्क टाइम्सचं नाव पण याच घराण्यातल्या अक्षरात आहे, त्यात कुणाला हिटलर दिसत नाही.

देवनागरीत जमतं, फक्त रोमनवरून कॉपी मारू नकोस. रोमनच्या निबेनं डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते, आपला बोरू, म्हणजे देवनागरीची लेखणी, टोकाला उलट तिरका कापलेला, त्यामुळे आपल्याकडे उजवीकडून डावीकडे उतरणारी जाड. रोमनची निब धरून काढलेलं देवनागरी म्हणूनच परकं दिसतं. मराठी बोरू घे, व चं गोल पोट एका झटक्यात न वळवता तीन-चार छोट्या सरळ फटक्यांत मोडून काढ, दर फटक्याला बोरू उचल पण कोन बदलू नकोस. व जमला की ब आणि क त्यातूनच निघतात.