माझे रिपोर्ट कुठे जातात?

"ताई, मी माझे रिपोर्ट एआयला दाखवले तर ते कुठे जातात?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मी इतक्या वेळा ऐकला आहे की, समोरची व्यक्ती पिशवीतून लॅबचा लिफाफा काढू लागली की पुढचे वाक्य मला आधीच ऐकू येते. मुलीचे लग्न ठरवण्याच्या घाईत असलेली आई तो विचारते, नवा विमा घेऊ पाहणारा तरुण विचारतो आणि हात थरथरू लागल्याचे अजून घरी न सांगितलेले निवृत्त शिक्षकही विचारतात. वडोद्यात, त्यातही आमच्या दांडिया बाजाराच्या आसपासच्या मराठी घरांत, एकाची बातमी दुसऱ्याकडे पोहोचायला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे ही भीती मला कधीच अवास्तव वाटली नाही.

प्रश्नाला सरळ उत्तर आहे, म्हणून ते आधी देते. फोनवरच्या किंवा संकेतस्थळावरच्या चॅटबॉटमध्ये रिपोर्ट टाकला की तो त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तो किती काळ ठेवला जातो आणि पुढच्या मॉडेलच्या, म्हणजे उत्तरे तयार करणाऱ्या एआय प्रणालीच्या, प्रशिक्षणासाठी वापरला जातो की नाही, हे त्या सेवेच्या अटींवर आणि तुम्ही निवडलेल्या सेटिंगवर अवलंबून असते. हे नको असेल तर ओलामा किंवा एलएम स्टुडिओ यांसारखी मोफत साधने आहेत. लामा, जेमा किंवा क्वेन यांपैकी एखादे छोटे मॉडेल त्यांच्यामार्फत एकदा उतरवून घेतले की पुढचे सारे काम आपल्याच संगणकावर चालते. आठ अब्ज पॅरामीटरचे (म्हणजे मॉडेलच्या आतल्या, शिकून ठरलेल्या आकड्यांचे), आकसून लहान केलेले मॉडेल साधारण 5 जीबी जागा घेते आणि 16 जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर बऱ्यापैकी चालते. खात्री करून घ्यायची तर वाय-फाय बंद करून प्रश्न विचारावा. उत्तर आले, म्हणजे ते आतूनच आले. मात्र केलेल्या गप्पा त्याच लॅपटॉपवर साठून राहतात, म्हणून पासवर्ड आणि डिस्कचे कूटबद्धीकरण (एन्क्रिप्शन) यांचा आळस करू नये. रिपोर्टवरचे नाव, फोन आणि रुग्ण क्रमांक आधीच काढून टाकलेले बरे. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने कंपन्यांवर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. घरच्या लॅपटॉपवरच्या घरगुती वापराची राखण मात्र आपली आपणच करायची असते.

एवढे सांगून मी थांबू शकले असते. पण समुपदेशनाच्या अठरा वर्षांच्या कामात मला एक सवय लागली आहे. उत्तर मिळाल्यावरही माणूस खुर्चीतून उठला नाही, तर विचारलेला प्रश्न खरा नव्हता, असे मी समजते. त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी एका जोडप्याची हकिगत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

पहिला फोन पत्नीचा आला. "ह्यांच्या आयुष्यात दुसरी कोणी आहे का, एवढेच मला कळायला हवे," त्या म्हणाल्या. पती रात्री एक वाजता लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत बसत आणि त्या पाणी प्यायला उठल्या की झाकण मिटत. पासवर्ड बदललेला होता. विचारले की उत्तर एकच येई, "ऑफिसचे काम आहे."

गृहस्थ आले ते चिडूनच. वय सत्तेचाळीस, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मापन-उपकरणांची देखभाल करणारे. पहिला अर्धा तास त्यांनी माझ्या पदवीविषयी चौकशी करण्यात घालवला, याचे मला वाईट वाटले नाही. उपकरण वापरण्याआधी ते तपासून पाहण्याचाच त्यांचा धंदा होता. मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत यांचा रक्तदाब 148/94 निघाला आणि त्याच आठवड्यात त्यांनी मनगटी स्मार्टवॉच घेतले. सहा वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट एक्सेलमध्ये भरले, लॅपटॉपवर मॉडेल बसवले आणि रोज रात्री घड्याळातले आकडे त्याच्यापुढे मांडू लागले.

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. दोन लॅबनी साखर वेगवेगळ्या एककांत दिली होती, तेव्हा 18 ने गुणून ती एका मापात कशी आणली, हे त्यांनी मला समजावून सांगितले. बेरीज-सरासरी मॉडेलकडून न करून घेता एक्सेलमध्येच करायची, कारण मॉडेल आकडेमोडीत बेधडक चुकते, हेही त्यांना ठाऊक होते. "आणि ताई, एक अक्षरही बाहेर जात नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"बाहेर काही जात नाही, हे समजले," मी म्हटले. "आत कोणाला येऊ देता?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "तिला उगाच काळजी."

घड्याळाचे अॅप मात्र तेच आकडे घड्याळाच्या कंपनीकडे आधीच पाठवत असावे, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. मी ते सहज बोलून गेले आणि मग मलाच वाटले की, एवढ्या हुशार माणसाच्या नजरेतून ही गोष्ट निसटते, याचा अर्थ त्याची राखण कंपन्यांपासून चाललेलीच नाही. दारे बंद होती ती घरातल्यांसाठी.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना लॅपटॉप आणायला सांगितला. साठवलेल्या गप्पा त्यांनी स्वतःच चाळल्या आणि मोजल्या. चार महिन्यांत एकच प्रश्न शब्द बदलून एकसष्ट वेळा विचारला होता: रात्री रक्तातील ऑक्सिजन 88 टक्क्यांपर्यंत उतरतो, याचा अर्थ काय? मी म्हटले, "आता माझ्यासमोर तीन वेळा विचारा, प्रत्येक वेळी नवी खिडकी उघडून." पहिले उत्तर आले की घड्याळाचा पट्टा सैल असावा. दुसऱ्यात झोपेत श्वास अडत असल्याची शक्यता होती. तिसरे थेट हृदय आणि फुप्फुसांपर्यंत गेले. तिन्हींच्या शेवटी डॉक्टरांना भेटण्याचा सल्ला होता. ते वाक्य ते वाचतच नसत.

"असे होणारच," तेच मला समजावू लागले. "ते प्रत्येक शब्द संभाव्यतेने निवडते. दर वेळी थोडे वेगळे येते."

"मग बासष्टाव्या वेळी कोणते उत्तर यायला हवे आहे?"

बराच वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले. "मला काही झालेले नाहीच, असे."

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या परंपरेत घडलेली समुपदेशक आहे आणि ते लपवत नाही. एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली तिचा गाभा मराठीत सांगणे मला नेहमीच सोपे गेले आहे, कारण आपल्याकडे 'च' हे अक्षर आहे. खात्री हवी, ही इच्छा आहे; खात्री हवीच, हा हट्ट आहे आणि तो देहाच्या बाबतीत कोणीही पुरवू शकत नाही. रिपोर्टवरची 'सामान्य' मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी 95 टक्के जण तिच्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर पडण्याची शक्यता 64 टक्के निघते. त्या गृहस्थांनी हे गणित माझ्यासमोर कागदावर करून पाहिले आणि पेन खाली ठेवले. पण गणिताने मन वळते, हा माझाही भ्रम आता उरलेला नाही. पुढच्या आठवड्यात आकडा सदुसष्टवर गेला होता.

वळण आले ते चौथ्या भेटीत, आणि ते मी ठरवून आणले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मला त्यांच्या कामाविषयी कुतूहल होते, म्हणून विचारले, "एखादा प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजायचे उपकरण, शंका यावी असे दाखवू लागला तर तुम्ही काय करता?"

"मास्टर गेजशी, म्हणजे खात्रीच्या गेजशी, ताडून बघतो."

"त्याच गेजकडे सदुसष्ट वेळा पाहत नाही?"

ते हसले, माझ्या खोलीत पहिल्यांदाच. मी पुढे म्हटले, "तुमच्या रात्रीच्या आकड्यांना ताडून बघायला काय आहे?" त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या घड्याळाचे नाव घेतले, मग बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे. मी मान हलवत राहिले. "रात्री दोन वाजता त्या खोलीत आणखी कोण असते?"

पुढच्या भेटीला दोघे एकत्र आले. वहिनी अवघडून बसल्या होत्या. रात्री काय होते, एवढेच मी त्यांना विचारले.

"घोरतात तर लग्नापासून," त्या म्हणाल्या. "पण वर्षभर मध्येच थांबतात. एकदम शांत. मी मोजत राहते. वीस, कधी बावीस. मग हलवते, तेव्हा धाप लागल्यासारखा श्वास घेतात."

"हे मला कधी सांगितले नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही लॅपटॉप मिटता, मी तोंड मिटते."

त्या क्षणी मी काहीही बोलले नाही, आणि माझ्या कामातली ती सर्वांत बरी गोष्ट असावी. सहा वर्षांचे रिपोर्ट आणि चार महिन्यांची रात्रीची मापे नीट रकान्यांत भरलेली होती आणि जी नोंद सर्वांत मोलाची होती, ती दीड हातावर जागी राहून बोटांवर मोजली जात होती. ते अंधारात आकडे मोजत होते, त्याही अंधारात आकडे मोजत होत्या.

निदान हे माझे काम नव्हे. मी त्यांना फिजिशियनकडे पाठवले, दोघांना मिळून. डॉक्टरांनीही घोरण्याचाच प्रश्न पहिल्यांदा वहिनींना विचारला. झोपेची तपासणी झाली आणि श्वास ताशी बावीस वेळा अडतो, म्हणजे विकार मध्यम स्वरूपाचा आहे, असे निघाले. रक्तदाब आणि हा विकार पुष्कळदा हातात हात घालून चालतात. आता ते रात्री हवेच्या दाबाचे यंत्र लावतात, नाकावरच्या मास्कविषयी कुरकुर करतात आणि रक्तदाबाची गोळी घेतात.

लॅपटॉपवरचे मॉडेल काढून टाका, असे मी त्यांना सांगितले नाही आणि कोणालाच सांगत नाही. विखुरलेले रिपोर्ट सुसंगत लावणे, लॅबची भाषा साध्या मराठीत समजून घेणे आणि डॉक्टरांच्या दहा मिनिटांत विचारायचे चार प्रश्न लिहून काढणे, यांसाठी ते उत्तम आहे, आणि घरच्या घरी चालते हा त्याचा मोठाच गुण आहे. अट एवढीच घालते की, प्रश्न आधी कागदावर लिहावा, तो दिवसाउजेडी विचारावा, एकदाच विचारावा आणि उत्तर घरातल्या एका तरी माणसाने शेजारी बसून वाचावे. रात्री एक वाजता विचारलेल्या प्रश्नाला यंत्र उत्तर देईल, पण तो प्रश्न यंत्राला विचारलेला नसतो. आणि आपले रिपोर्ट परक्यांना न दाखवणे हा हक्क असला, तरी भीती एकट्याने वाहणे हे त्या हक्कात येत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण या दोन गोष्टी एकाच कुलपात घालून आणतात.

गेल्या महिन्यात हे गृहस्थ कमाटीबागेत सकाळी भेटले. वाय-फाय अजूनही बंद ठेवूनच ते काम करतात, रविवारी, शेव-उसळ खाऊन झाल्यावर. एक्सेलमध्ये नवा रकाना घातला आहे, 'हिचे रीडिंग', आणि तो वहिनी स्वतः भरतात. हवेच्या दाबाचे यंत्र सुरू केल्यानंतरच्या आठवड्यातली नोंद त्यांनी मला फोनवर उघडून दाखवली: "मोजले नाही. मला झोप लागली होती."