लांबच्या पायी ट्रेकमधे गावात मुक्काम केला तेव्हा अनोळखी माणसांनी केलेली कुठली मदत तुम्ही विसरला नाहीत? आपल्याकडे ट्रेल एंजल असतात का?

असतात हो. आपल्याकडे त्यांना वेगळं नाव नाही, पण असतात.

अमेरिकेतला ॲपलाचियन ट्रेल घ्या, तो साडेतीन हजार किलोमीटरचा आहे, लोक पाच-सहा महिने चालतात आणि दर चार-पाच दिवसांनी सामान भरायला, कपडे धुवायला जवळच्या गावात उतरतात, तिथली माणसं त्यांना गाडीत घेतात, जेवायला घालतात, त्यांना ट्रेल एंजल म्हणतात. माझं चालणं त्यामानाने अगदी छोटं, महाबळेश्वर ते सांगली, दोनशेच्या आसपास किलोमीटर. पण साताऱ्यातली ती एक रात्र मला जन्मभर पुरेल.

मी सांगलीची. कृष्णा घरापासून दहा मिनिटांवर. ही येते कुठनं ते एकदा चालत बघायचं हे शाळेपासून डोक्यात होतं. शेवटी एका डिसेंबरात एकटीच निघाले. कृष्णा वाईवरनं येते पण मी वेण्णा धरली, म्हणजे महाबळेश्वरहून केळघरचा घाट उतरून मेढा, मग कण्हेर धरण, मग सातारा, आणि पुढं संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते तिथनं कृष्णेच्या काठानं उंब्रज, कराड करत घरी. बारा दिवस धरले होते.

चौथ्या दिवशी मेढ्याहून निघाले. साताऱ्यापर्यंत चोवीस-पंचवीस किलोमीटर. दुपारी कण्हेरच्या पुढं अवकाळी सुरू झाला, डिसेंबरात पाऊस येईल म्हणून कोण तयारी ठेवतं, सॅकचं कव्हर घरी राहिलेलं, स्लीपिंग बॅग अर्धी भिजली आणि मोळाच्या ओढ्याजवळ उजव्या बुटाचं सोल पुढनं सुटलं, प्रत्येक पावलाला फटक फटक. सॅकचा एक पट्टा काढून बुटाला बांधला आणि तशीच गावात शिरले. आधी लॉज. तिथल्या माणसानं आधार कार्ड बघितलं आणि सांगितलं की एकट्या बाईला रूम देत नाही. भांडायची ताकद नव्हती. स्टँडवर आले तर समोर सांगलीची एसटी उभी. खरं सांगते, मी दारापर्यंत गेले होते. साडेतीन तासात घरी, गरम पाणी, आई. कंडक्टरनं विचारलं, येताय का? मी त्यांना म्हटलं, बूट दुरुस्त करून बघते आधी. का म्हटलं मलाच माहीत नाही.

राजवाड्याकडं चढत गेले, तिथं एक चप्पल शिवणारे काका छत्रीखाली बसलेले, आवरायलाच लागले होते. त्यांनी बूट हातात घेतला, सोल मागं दुमडून आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "ओला हाय. आत्ता सोल्युशन लावलं तर उद्या दुपारी परत सुटंल. रात्रभर चुलीपाशी ठेवतो, सकाळी शिवून देतो." मी विचारलं, मग आत्ता घालू काय? तर त्यांनी मागच्या खिळ्याला टांगलेल्या चपलांचा एक जोड काढला. कोणीतरी दुरुस्तीला टाकलेला आणि दोन महिने न्यायलाच आलेलं नाही. "ह्या घाला. मालक आला तर सांगतो पाहुणी फिरवतीया."

मग विचारलं, कुठल्या? म्हटलं सांगली. तर हातातलं काम थांबवून म्हणाले, "पुरात पाणी आलतं का घरात?"

हे बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगते. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, आम्ही हितनं भाकरी दिल्या होत्या, टेम्पो गेलता, कोणाला मिळाल्या काय माहीत. मला त्या आठवड्यातल्या भाकरी आठवतात. कापडात बांधलेल्या, कडक झालेल्या, कुठल्या गावच्या ते कोणीच सांगितलं नव्हतं. त्या ह्यांच्याच असतील असं मी म्हणत नाही. पण भर रस्त्यात रडू आलं मला.

राहायचं कुठं हे त्यांनीच विचारलं, आणि छत्री मिटून मला दोन गल्ल्या पलीकडं एका खानावळीत घेऊन गेले. स्वतःचं काम सोडून, पावसात. खानावळवाल्या मावशींना म्हणाले, "सांगलीची पोरगी हाय, नदीनं चालत चाललीया, लॉजवाल्यानं घेतलं न्हाई." मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "जेवलीस का?"

भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, आणि ताटाला हात लावायच्या आधी गरम पाण्याची बादली. वर माडीवर मुलीची खोली होती, मुलगी पुण्याला नोकरीला, तिचा गाऊन मला दिला. माझे मोजे त्यांनी स्वतः पिळून तव्याच्या शेजारी दोरीवर टाकले, मी नको नको म्हणत होते. पायाला दोन फोड आलेले, त्यांनी सुई ज्योतीवर धरली, दोरा ओवला, फोडातनं आरपार घातला आणि दोऱ्याची टोकं दोन्हीकडनं तशीच सोडली, म्हणजे पाणी निघत राहतं आणि कातडी निघत नाही. (डॉक्टर लोक ह्याला नाही म्हणतात, दोऱ्यानं जंतू आत जातात म्हणून, तर कोणी करू नका, मला काही झालं नाही.) म्हटलं, हे कुठं शिकलात? तर त्यांचं माहेर तरडगावचं. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे माउलींच्या पालखीचे मुक्काम सातारा जिल्ह्यात पडतात, आणि त्यांच्या अंगणात दरवर्षी पन्नास-साठ वारकरी उतरायचे. लहानपणी त्यांचं काम हेच, पाय शेकायला पाणी तापवायचं आणि फोडात दोरा घालायचा. माझा पाय मांडीवर घेताना त्यांना काही वेगळं करतोय असं वाटतच नव्हतं.

आणि मला सगळ्यात जास्त काय भिडलं सांगू का, घरच्यांपासून मेढ्यातल्या चहावाल्यापर्यंत सगळे म्हणत होते की कशाला, गाडीनं जा, एकटी बाई. ह्या दोघांनी ते एकदाही म्हटलं नाही. मावशींनी विचारलं, उद्या कुठवर जाणार? परवा कुठं? कराडला कोण ओळखीचं आहे का? माझ्यापुढं प्रश्न होता चालायचं की सोडायचं, आणि त्यांनी जणू तो प्रश्न नाहीच असं धरून पुढचं विचारलं. त्या रात्री मी एसटीचा विचार परत केला नाही.

सकाळी सातला काका बूट घेऊन दारात. सोल चिकटवून वर जाड मेणाच्या दोऱ्यानं आरीनं सगळीकडनं टाके घातलेले, माझ्या देखत एकेक टाका ओढून दाखवला. पन्नास रुपये म्हणाले. मी शंभर देत होते, घेतले नाहीत. मावशींनी जेवणाचे पैसे घेतले कारण तो त्यांचा धंदा, खोलीचे म्हटल्यावर मात्र चक्क रागावल्या. स्लीपिंग बॅग अजून ओलसर होती तर शेजारच्या इस्त्रीवाल्यानं कोळशाच्या इस्त्रीखाली चादर घालून ती हळूहळू वाळवून दिली, त्याचं नाव विचारायचंच राहून गेलं.

तुम्ही असं चालायला निघणार असाल तर माझ्यापुरतं सांगते, मुक्कामाच्या गावात उजेड असताना पोचा, आणि लॉजच्या आधी खानावळीत किंवा देवळात विचारा. रोजचं लोकेशन घरी पाठवा, मी मावशींचा नंबरपण आईला दिला होता, दोघी रात्री अर्धा तास बोलल्या. जे धंदा म्हणून देतात त्यांना पैसे द्याच. जे देतात आणि घेत नाहीत त्यांच्यापुढं नोटा नाचवू नका, पोचल्यावर फोन करा, त्याची ते वाट बघतात.

निघताना मावशी म्हणाल्या, "आमची वेण्णा तुमच्याकडंच जाती, तिच्या मागनं जा." माहुलीच्या घाटावर दोन्ही पाणी एकत्र होतात तिथं मी बराच वेळ बसले. मग उतरले काठाला.

बाराव्या नाही, चौदाव्या दिवशी घरी पोचले आणि पायातले बूट काढायच्या आधी फोन लावला. मावशींनी पाय कसे आहेत विचारलं, आणि मागनं काकांचा आवाज आला, ते तिथंच चहाला बसलेले, "बूट?" मी खाली बघितलं. डाव्या बुटाचं सोल कराडच्या पुढं सुटलं होतं, उजव्याचा एक टाका हलला नव्हता. तेच सांगितलं. ते म्हणाले, "डावा घेऊन या मग."