सहा इंजेक्टर, वायरी मात्र तीनच

प्रश्न : ताई, माझ्याकडे १९८९ ची टोयोटा सुप्रा टर्बो आहे, जपानहून वापरलेली आलेली, ७एम-जीटीई इंजिनाची. जुना कॉम्प्युटर काढून प्रोग्रॅम करता येणारा नवा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बसवतोय. पेट्रोल उडवणारे मूळचे, मिनिटाला ४४० सीसीचे इंजेक्टर बदलून ५५० सीसीचे घेतलेत. पाकिटावर ‘हाय ओहम’ (जास्त रोधाचे) लिहिलंय. वायरिंग उघडलं तर इंजेक्टर सहा, पण कॉम्प्युटरकडे त्यांच्या तीनच वायरी जातात. मधे रेझिस्टरची एक डबीही आहे. मित्र म्हणतो, डबी राहू दे, काय बिघडतं? आणि सगळं वायरिंग नव्याने ओढायलाच हवं का?
— अ. पा., ऑकलंड

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. तुमच्याच न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या गॅरेजमध्ये मी अकरा वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं. ही गाडी तिथे किती वेळा उघडली असेल, मोजदाद नाही. वायर तोडण्याआधी तुम्ही विचारलंत, हे उत्तम केलंत.

आधी तीन वायरींचं कोडं. इंजेक्टरला दोन पिना असतात. एकीवर चावी ऑन केली की बारा व्होल्ट येतात. दुसरी कॉम्प्युटरकडे जाते आणि तो ती क्षणभर अर्थला जोडतो, तेवढा वेळ पेट्रोल उडतं. टोयोटाने सहा इंजेक्टरांच्या तीन जोड्या केल्या आणि जोडीतल्या दोघांची अर्थची बाजू एकाच वायरीवर घेतली. त्यामुळे जोडीतले दोन्ही एकदमच उघडतात. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ आहे आणि क्रमात एकमेकांच्या शेजारी येणारे सिलिंडर जोडीला घेतलेत. एकाचं पेट्रोल थोडा वेळ बंद व्हॉल्व्हच्या पाठीवर थांबतं, एवढाच फरक.

नवा ईसीयू घेतल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र वायर द्यावी का? माझं मत, द्यावी. पण कशासाठी ते समजून द्या. सहा हजार आरपीएमला इंजिनाचे दोन फेरे २० मिलिसेकंदांत होतात. पूर्ण जोरात इंजेक्टर त्यातले १७ मिलिसेकंद उघडाच असेल, तर तो नेमका कधी उघडला याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून ‘सिक्वेन्शियल केलं (प्रत्येक इंजेक्टर आपापल्या पाळीला उघडला) की ताकद वाढते’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. फायदा दिसतो आयडलिंगला आणि शांत चालवताना. शिवाय एखाद्या सिलिंडरचं पेट्रोल वेगळं कमी-जास्त करता येतं. त्यासाठी लागणारा कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, सिग्नल या इंजिनात मुळातच आहे. डिस्ट्रिब्यूटरसारखा दिसणारा तो सेन्सर कॅमवरून फिरतो, त्यामुळे वेगळा सेन्सर लावायला नको.

खरं कारण मात्र दुसरंच आहे. पस्तीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेल्या त्या वायरी वाकवून बघा, आवरणाचा कडकड आवाज येईल. इंजेक्टरवर बसणाऱ्या वायरीच्या टोकाचं, म्हणजे कपलरचं, प्लास्टिक बोटाने दाबलं तरी तुटतं. हजारो डॉलरचा ईसीयू त्या वायरींवर टांगू नका. इंजेक्टरपासून ईसीयूपर्यंत सहा नव्या वायरी, एक चौरस मिलिमीटरच्या, आणि कपलर नव्या इंजेक्टरांना बसणारे. जुन्या कपलरवर चढवायचे अडॅप्टर मिळतात, मला ते पटत नाहीत. प्रत्येक अडॅप्टर म्हणजे सैल व्हायला आणखी एक जागा.

आता डबी. इथे तुमच्या मित्राचं चुकतं. मूळचे इंजेक्टर लो ओहम, दोन-तीन ओहमचे. गाडी चालू असताना चौदा व्होल्ट धरले तर अडीच ओहममधून साडेपाच अँपियरहून जास्त करंट जाईल. तो अडवायला प्रत्येक इंजेक्टरच्या बारा व्होल्टच्या वाटेत त्या डबीतला एकेक रेझिस्टर आहे. हाय ओहम इंजेक्टर बारा ओहमचा धरा, तर करंट साधारण १.१७ अँपियर. कुठल्याही चांगल्या ईसीयूला तो सहज झेपतो. त्याच्याआधी सहा ओहमचा रेझिस्टर ठेवलात तर करंट ०.७८ वर येतो, म्हणजे एक तृतीयांश कमी. इंजेक्टर उघडतो, पण उशिरा. थंडीत सेल्फ मारताना बॅटरी दहा व्होल्टवर आली की आणखी उशिरा. गाडी चालू होईल, म्हणून कुणाला संशय येणार नाही, आणि ट्यूनिंग करणारा आयडलिंगच्या मागे दिवस घालवेल. डबी काढा.

पण काढण्याआधी मल्टिमीटर घ्या. पाकिटावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. हे मी कळकळीने सांगते, कारण माझ्या हातून घडलेलं आहे. एक मुलगा मित्सुबिशी गॅलंट व्हीआर-४ घेऊन आला होता. त्यातही अशीच रेझिस्टरची डबी असते. त्याने वापरलेले मोठे इंजेक्टर विकत आणले होते, विकणाऱ्याने ‘हाय ओहम’ सांगितलं होतं. शुक्रवारची संध्याकाळ होती. मी मोजले नाहीत, डबी काढली, जोडणी केली. चार दिवसांत नव्या ईसीयूचे दोन आऊटपुट जळाले. मग मोजले तर अडीच ओहम. दोन वर्षं पैसे साठवून त्याने तो ईसीयू घेतला होता. दुरुस्तीचा खर्च मी दिला, पण त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. तेव्हापासून सगळे इंजेक्टर टेबलावर ओळीने मांडून एकेक मोजते आणि आकडा त्याच इंजेक्टरवर मार्करने लिहिते. तुमचे सहाही बारा ते सोळा ओहमच्या मधे आणि एकमेकांच्या जवळ आले पाहिजेत. एक जरी तीन ओहम दाखवत असेल तर काम तिथेच थांबवा.

बारा व्होल्टची बाजू अशी करा : बॅटरी, तिच्याजवळ फ्यूज, मग रिले, मग दोन चौरस मिलिमीटरची एक वायर इंजेक्टरांपर्यंत, आणि तिथून सहा फाटे. सहाही मिळून सात अँपियर घेतील, दहाचा फ्यूज पुरतो. ईसीयूलाही त्याच मुख्य रिलेवरून पुरवठा द्या. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ व्होल्टेजप्रमाणे बदलतो आणि ईसीयू त्याचा हिशेब स्वतःला दिसणाऱ्या व्होल्टेजवरून करतो. त्याला १३.८ दिसताहेत आणि इंजेक्टरला मिळताहेत १२.९, असं झालं तर हिशेब रोज थोडा थोडा चुकत राहतो. त्या वेळेचा तक्ता तुमच्याच इंजेक्टरच्या कंपनीचा भरा, दुसऱ्याचा नको.

जोड सोल्डर करू नका, क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. सोल्डर वायरीत वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीने नेमका तिथे तुटतो. सगळे फाटे एकाच जागी काढू नका, पुढे-मागे घ्या, नाहीतर हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, गाठ येते. ईसीयूची पॉवर अर्थ थेट इंजिनाच्या हेडवर, आणि सेन्सरांची अर्थ ईसीयूच्या त्यासाठीच्या पिनेवर. कॅम सेन्सरच्या वायरी जाळीच्या शील्डमधून, इंजेक्टरच्या वायरींपासून वेगळ्या न्या.

क्रमाची एक चूक लपून बसते, तिच्याकडे नीट लक्ष द्या. काही ईसीयूंत आऊटपुट १, २, ३ म्हणजे सिलिंडर १, २, ३. काहींत ते फायरिंग क्रमाने, म्हणजे दुसरा आऊटपुट पाचव्या सिलिंडरला. उलटसुलट जोडलं तरी गाडी चालते, कारण पेट्रोल व्हॉल्व्हपाशी वाट बघत थांबतं. इग्निशनमध्ये अशी चूक लगेच कळते, इथे कळत नाही. म्हणून पुस्तिका वाचून दोन्ही टोकांना नंबर बांधा, मग ईसीयूच्या टेस्टमधून एकेक इंजेक्टर वाजवा आणि लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून टिकटिक कुठून येते ते ऐका. त्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीतलं, प्रेशर उतरवा. नाहीतर टेस्ट करता करता सिलिंडरमध्ये पेट्रोल साचेल.

वायरिंगबाहेरच्या दोन गोष्टी. या इंजिनाचे हेड बोल्ट कारखान्यातूनच कमी आवळलेले यायचे, म्हणून हेड गास्केट जातं. टर्बोचा दाब (बूस्ट) वाढवण्याआधी तिकडे बघा. आणि तुमच्या देशात बदल केलेल्या गाडीला लो व्हॉल्यूम सर्टिफिकेट लागू शकतं, तेव्हा सर्टिफायरशी आधीच बोला.

प्रश्न : माझ्या जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला, १.८ टर्बो, मोठे इंजेक्टर लावायचेत. मलाही असंच वायरिंग करावं लागेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. त्या इंजिनाचे चारही इंजेक्टर मुळातच हाय ओहम आहेत आणि प्रत्येकाची वायर कॉम्प्युटरपर्यंत स्वतंत्र जाते. डबी नाही, जोड्याही नाहीत. कपलर जुळले की काम कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरचं, वायरिंगला हात लावू नका. मात्र आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला ते आडवं येतं. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर इंजेक्टर मागवण्याआधी आरटीओत विचारून या, आणि मूळचे चार जपून ठेवा.