तुझ्या तोंडून गाव बोलतं तेव्हा

वाचकांची पत्रं, नर्सबाईंची उत्तरं

पत्र पहिलं

नर्सबाई, नमस्कार. मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका ढाण्यावर (छोट्या वस्तीवर) राहते. वय २३, बारावी झाली आहे. घरात आम्ही कोरकू बोलतो. दोन वर्षांपासून संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते, आशाताईंसोबत घरोघरी फिरते आणि ग्रामसभेत बायांना मराठी समजावून सांगते. जानेवारीच्या ग्रामसभेत हातपंपाचा विषय निघाला. साहेब बोलले ते मी कोरकूत सांगितलं. मे संपला, पंप आला नाही. आता बाया म्हणतात, "तूच म्हणाली होतीस होईल म्हणून." पाणी भरताना माझ्याशी बोलत नाहीत. इकडे काही जण म्हणतात, पुढच्या पंचायतीला तूच उभी राहा. पण प्रशिक्षणाला अमरावतीला गेले तेव्हा माझं मराठी ऐकून दोघी-तिघी हसल्या. माझ्यासारखीनं पुढारपण करावं का? की मुलांचा अभ्यास तेवढा घ्यावा?

उत्तर

पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं. साहेब त्या दिवशी नेमकं काय बोलले, ते तू लिहिलं नाहीस. मला वाटतं ते म्हणाले असतील, "प्रस्ताव पाठवतो." आणि तू सांगितलंस, "पंप होईल." चुकत असेन तर कळव. पण तसंच घडलं असेल, तर बायांचा राग खोटा नाही, आणि तूही खोटं बोललेली नाहीस.

माझं माहेर दर्यापूरकडचं. १९८४ साली सिपना नदीच्या बाजूच्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून आले, तेव्हा 'डा' म्हणजे पाणी एवढंच कोरकू मला येत होतं. सोबतीला आश्रमशाळेत शिकलेला सोळा वर्षांचा एक पोरगा होता. मी दहा मिनिटं बोलायची: लेकराला जुलाब झाले तर अंगावरचं दूध तोडू नका, मीठ-साखरेचं पाणी असं करा, घोट घोट पाजत राहा. तो चार शब्दांत आटपायचा. बाया माना हलवायच्या. मला वाटायचं, समजलं. वर्षभरानं कानाला भाषा लागली तेव्हा तो काय सांगतो ते ऐकू आलं: "बाई म्हणते सुई घ्या, घरी जा." त्याच पावसाळ्यात एका घरचं लेकरू जुलाबानं गेलं. त्याच्या आईला मीठ-साखरेचं पाणी शिकवलं, अशी नोंद माझ्या रजिस्टरला माझ्याच अक्षरात आहे. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या चार शब्दांवर काय काय अवलंबून आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

तेव्हापासून मी एक नेम धरला. मी सांगितलेलं समोरच्या बाईच्या तोंडून परत ऐकायचं. तिनं जे सांगितलं, तेवढंच मी सांगितलं असं समजायचं.

म्हणून आधी त्या बायांकडे जा. सभा नको, पाण्यावरच जा. सांग, "मी 'प्रस्ताव' म्हणजे 'होईल' असं सांगितलं, ती माझी चूक. प्रस्ताव म्हणजे कागद धारणीला जातो. तिथे मंजूर झाला तर पैसे येतात. पैसे आले तर पंप." मग त्यांच्यातल्या दोघींना घेऊन पंचायतीत जा आणि तो कागद कुठे अडला ते विचार. उत्तर त्या दोघींनीच येऊन बाकीच्यांना सांगायचं. तू मध्ये बोलू नकोस, कितीही वाटलं तरी.

ठराव, निधी, मंजुरी, कोरम हे शब्द मराठी माणसालाही धड कळत नाहीत. गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांसोबत बस आणि प्रत्येकाला कोरकूत काय म्हणायचं ते ठरव. एक शब्द सापडला नाही तर पूर्ण वाक्य घ्या. वहीत लिहून ठेव, देवनागरीत लिहिलंस तरी चालतं. हे काम बाहेरचं कोणी करणार नाही. २०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांच्या घरात होते, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. सरकारी कागद तुझ्या भाषेत येईल म्हणून वाट पाहत बसू नकोस.

सभेत दर दोन वाक्यांनंतर साहेबांना थांबव. थांबवायला लाज वाटते, मला माहीत आहे. धारणी आणि चिखलदरा हे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेले तालुके आहेत. अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम इथे लागू आहेत, आणि त्यात ग्रामसभेचा मान मोठा आहे. वनहक्काचा विषय असेल तर २०१२ च्या सुधारणेनंतर ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया हव्यात. त्या बाया न समजता बसल्या तर गणपूर्ती, म्हणजे कोरम, कागदावरच झाली. ठराव लिहून झाला की सह्या-अंगठ्यांच्या आधी कोरकूत वाचून दाखव. आणि एखादी म्हातारी "मला पटत नाही" म्हणाली, तर मराठीतही "मला पटत नाही" असंच सांग. "त्यांना थोडी शंका आहे" असं गुळगुळीत करू नकोस.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दोन भाषा येणाऱ्याच्या हातात सत्ता येते, त्याला नको असली तरी. कोणाचं म्हणणं पुढे न्यायचं, कोणाचं गाळायचं, हे तोच ठरवतो. पुढे लोक दाखल्यासाठी, अर्जासाठी त्याच्याच दारात उभे राहतात. असे दलाल झालेले चांगले पोरगे मी पाहिलेत. सुरुवात त्यांनीही सेवेनंच केली होती. म्हणून आजच दुसरी मुलगी शोध. तुझ्या अभ्यासवर्गातली नववी-दहावीची एखादी असेलच. एका सभेला तू बोल, ती ऐकेल. पुढच्या सभेला ती बोलेल, तू मागे बायांमध्ये बस.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव तुला ऐकून माहीत असेल. गोंडी बोलणारं गाव. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बसून कायदा वाचायचा, समजून घ्यायचा. निर्णय मात्र ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीनं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होतं. महिन्यातून एकदा तुझ्या संध्याकाळच्या वर्गाच्या जागी मोठ्यांना बोलावून एक कागद वाच. एकच.

मराठीला हसल्या त्या पोरींचं मनाला लावून घेऊ नकोस. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, ते गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना. १९९९ मध्ये त्या कामाचा अहवाल प्रसिद्ध झाला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. मी नर्स आहे, हा आकडा वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या बायांचं मराठी कसं होतं, हे कोणी विचारलं नाही. तान्ह्या बाळाच्या आईशी तिच्याच बोलीत बोलता येणं हीच तिथे लागणारी गोष्ट होती, आणि ती तुझ्याकडे आहे.

निवडणुकीचं म्हणशील तर उभी राहा. पण ती दुसरी मुलगी एकटीनं एक सभा निभावेल त्यानंतर. तोवर बाया पुन्हा बोलायला लागल्या का, ते मला लिही.

पत्र दुसरं

मी वाशीम जिल्ह्यातला. मेळघाटात शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो. पहिलीची मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत. कोरकू शिकायला किती महिने लागतील?

उत्तर

गुरुजी, आधी हे मनातून काढा की कोरकू म्हणजे बिघडलेली मराठी. ती मुंडा भाषाकुळातली, संथाली-मुंडारीची नातलग. मराठीच्या अंदाजानं ती कळणार नाही. 'आपण दोघं' आणि 'आपण सगळे' यांना तिथे वेगवेगळे शब्द आहेत. मला तीन वर्षं लागली, आणि तरी बाया माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावायच्या.

पण मुलांची तोंडं उघडायला तीन वर्षं लागत नाहीत. दर आठवड्याला एका मुलाला तुमचा मास्तर करा. सकाळी त्यानं पाच शब्द तुम्हाला शिकवायचे, संध्याकाळी तपासायचे. चुकलात की सगळ्या वर्गासमोर त्यानं सुधारायचं. सगळ्यात गप्प बसणाऱ्या पोरीची पाळी लवकर लावा. तुमच्या वहीवर तिला बरोबरची खूण करू द्या, लाल पेनानं.